तीन स्थायी

"उद्या पडलीस, तर तो भोंगा माझ्या घरात पुन्हा वाजायचा नाही," पप्पा म्हणाले. "आत्ताच सांगून ठेवतो. मागनं रडारड नको."

भोंगा म्हणजे माझा सॅक्सोफोन. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला. आणि पप्पा म्हणजे माझे सासरे, स्टीफन चक्रनारायण. खडकीपासून कॅम्पापर्यंत त्यांना 'चक्री' म्हणत. पियानोवर बसले की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवणारा माणूस. मी लग्न होऊन त्या घरात आले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेवढ्यात त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. 'ए मिरजवाली', नाहीतर नुसतंच 'ए बाई'. माझं नाव सालोमी आहे, काही बोजड नाही.

"आणि नाही पडले तर?" मी विचारलं. हातात लाटणं होतं, त्यामुळे आवाजाला जरा धार आली असावी.

"पडशील. कॉर्ड मोजून वाजवणारा मोजता मोजताच पडतो."

अमोस, माझा नवरा, खाली मान घालून चहात पाव बुडवत बसला होता. तो बापाच्या बँडमध्ये डबल बेस वाजवायचा. घरात दोन माणसं भांडत असली की त्याला पाव फार आवडायचा.

भांडण होतं एका खुर्चीवरून. पप्पांच्या बँडमधला जुना सॅक्सोफोनवाला दुबईला निघून गेला होता. कॅम्पातल्या हॉटेलात दर रविवारी दुपारच्या आधी हा बँड वाजायचा, आणि मॅनेजर सरदेसाई नवा माणूस ऐकून मगच पुढच्या हंगामाचं ठरवणार होते. पप्पांच्या मनात डॅनी होता, त्यांच्या बहिणीचा मुलगा. दिसायला राजबिंडा, वाजवायला दगड. मला ती खुर्ची हवी होती. लग्नाआधी अमोसनं शब्द दिला होता, 'सालू, तू आमच्या बँडमध्ये वाजवशील.' त्या शब्दावर तर मी मिरज सोडली. शेवटी होमीनं, आमच्या पारशी ड्रमरनं, पप्पांना डिवचलं, "चक्री, सुनेला घाबरतोस की काय?" तेव्हा कुठं एका रविवारची परवानगी मिळाली. घोडामैदान जवळ आलं होतं.

पप्पा मला पाण्यात का पाहायचे, तेही सांगते. मला चाल ऐकली की तिचा सांगाडा दिसतो. जॅझमध्ये चालीखाली कॉर्ड्सची एक साखळी असते, ती गोल गोल फिरत राहते, आणि तिच्यावर ज्यानं त्यानं आपलं नवं काहीतरी त्या क्षणी रचायचं. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम. पण ते सगळे सारख्या मोलाचे नसतात. पोटातले दोन असतात, पायापासून मोजले तर तिसरा आणि सातवा, तेच खरं सांगतात: कॉर्ड हसरी आहे की रडकी, घरात बसलीय की बाहेर पडायला निघालीय. मी प्रत्येक साखळी अशी उलगडून बघायची. कोण कुणाकडे ओढ घेतं, कोण कुणाच्या जागी चालतं. भाजी चिरतानाही तेच चाललेलं असायचं.

पप्पांना याचा संताप यायचा. ते कधी काही शिकले नव्हते, सगळं कानावर. "स्वयंपाकाचं पुस्तक चाटून पोट भरतं का कुणाचं?" म्हणायचे. मी म्हणायचे, "पुस्तक चाटत नाही पप्पा, फक्त भाजीत काय घातलंय ते ओळखते." मग दोन दिवस बोलणं बंद. बरंच व्हायचं.

त्यांच्या बँडचा एक रिवाज होता. नव्या माणसाला कॉर्ड्स सांगायच्या नाहीत. 'कान असेल तर ऐक, नसेल तर घरी जा.' आणि एवढ्यावर भागायचं नाही. घरी परत आणणारी जी कॉर्ड असते, तिच्या जागी ते मुद्दाम तिची लांबची बहीण आणून बसवायचे, अर्ध्या पायरीवरून घसरत खाली येणारी. नवा बिचारा जुन्या वाटेनं जायचा आणि सगळं किरकिरायला लागायचं. मग पप्पा मान वळवून त्याच्याकडे असं बघायचे, की त्यानं वाद्य पेटीत घालावं. कितीतरी जणांना त्यांनी असं घरी पाठवलं होतं, आणि त्याचे किस्से जेवताना चवीनं सांगायचे.

पण ते रोज सकाळी घरच्या पियानोवर हात साफ करायचे, आणि स्वयंपाकघर भिंतीपलीकडंच होतं. मी पिठात बोटानं मांडून मांडून पाहिलं. दोघी बहिणींच्या पोटात तेच दोन स्वर होते! ते दोन धरून ठेवले की चक्री कुठल्याही वाटेनं येवोत, मी घरातच. मी पिठावर हात फिरवला आणि चपात्या लाटल्या. त्या दिवशी चपात्या चांगल्या फुगल्या.

त्यांची एक गोष्ट मात्र मला पटायची, आणि पटते म्हणूनच जास्त चीड यायची. एकदा तालमीत डॅनी भरकटला, आणि अमोस वाजवणं थांबवून म्हणाला, "पप्पा, मी बरोबर होतो, हा चुकला." पप्पांनी पियानोचं झाकणच आपटलं.

"वाजताना बरोबर-चूक नसतं, गाढवा! वाजताना फक्त एकत्र. एक खड्ड्यात गेला तर सगळे खड्ड्यात. बरोबर-चूक स्टेजवरून खाली उतरल्यावर. आणि खाली उतरल्यावर मग खरं बोलायचं, आई मेली तरी."

अमोसनं मान डोलावली. मान डोलवायला तो कधी चुकला नाही.

रविवारी सकाळी आम्ही बेस दारातून बाहेर काढला. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिनच, एकट्याला त्या दारातून काढता यायचा नाही. एकानं मान धरायची, दुसऱ्यानं बूड, आणि तिरका करून न्यायचा. आल्यापासून दर रविवारी बूड मीच धरायची.

"घाबरलीस?" अमोसनं विचारलं.

"तू माझ्या सुरांखाली आहेस ना बेस घेऊन? मग कशाला घाबरू?"

"मी आहेच गं," तो म्हणाला.

हॉटेलचा हॉल निम्मा भरला होता. लष्करातली कुटुंबं, काही कॉलेजची पोरं. सरदेसाई खांबाला टेकून उभे. डॅनी पुढच्याच टेबलाशी, पांढरा शर्ट, पायाशी सॅक्सोफोनची पेटी. म्हणजे मी पडले की लगेच उघडायला. पप्पांनी कुठली चाल घ्यायची ते आधी सांगितलं नव्हतं. बसले आणि सुरू केली: 'रेंजहिल'. त्यांची स्वतःची, त्यांनीच बांधलेली. होमीनं माझ्याकडे बघून भुवया वर केल्या.

'रेंजहिल'चं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या गाण्यासारखंच समजा. आधी स्थायी, तीच स्थायी पुन्हा, मग वेगळ्या स्वरांत जाणारा अंतरा, आणि परत स्थायी. झालं एक आवर्तन. की लगेच दुसरं सुरू, पुन्हा स्थायी, स्थायी, अंतरा. म्हणजे पहिल्या फेरीची शेवटची स्थायी आणि दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दोन, अशा तीन स्थायी लागोपाठ येतात. तिन्ही अगदी सारख्या. मेंढपाळाला मेंढ्या ओळखू येतील, पण या तिघी नाही. तिथं मुरलेले वाजवणारेसुद्धा फसतात: ही दुसरी की तिसरी? आता अंतरा, की अजून एक बाकी?

मूळ चाल झाली, माझी नवं रचायची पाळी आली, आणि मी उभी राहिले. पहिल्याच स्थायीत पप्पांनी लांबची बहीण आणली. मी पोटातले दोन स्वर धरले आणि तिच्याबरोबर अलगद घरात उतरले. दुसऱ्या स्थायीत त्यांनी आणखी आडवाट घेतली. मी तिथंही होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. ती नजर मी ओळखून होते, पण या वेळी तिच्यात जरा गोंधळ होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो गोंधळ साखरेसारखा गोड लागला. अंतऱ्यात ते फार जोरात वाजवू लागले, मला झाकून टाकायला. मी हळू झाले. लोकांनी कान पुढं केले. सरदेसाई खांबापासून सुटून एक पाऊल पुढं आले.

अंतरा संपला आणि पप्पांनी पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

मला वाटलं, खोकला आला असेल. पण ते आरामात मागं टेकून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताची मूठ वर केली. आमच्या बँडमध्ये मूठ म्हणजे थांबा. ती मूठ अमोससाठी होती.

मी अमोसकडे पाहिलं. 'मी आहेच गं' म्हणणारा अमोस. त्यानं तारेवरची बोटं उचलली आणि तळवा तारांवर ठेवला, गप्प करायला.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात ना, ती नुसती म्हण नाही. सगळ्या वाटा मी घोकून आले होते, त्यांची एकूण एक खोडी. पण रस्ताच काढून घेतील हे कुठल्या पिठात मांडणार? माझ्या सॅक्सोफोनातून एका वेळी एकच स्वर निघतो. खाली कॉर्ड नाही, बेस नाही. फक्त होमीचे ड्रमवर घासणारे ब्रश. त्या भल्या माणसानं मूठ पाहिली नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

डॅनी पेटीकडे वाकला. तेवढं दिसलं आणि मला असा राग आला की भीती जळूनच गेली. म्हटलं, चक्री, तुम्ही हात काढलेत, कॉर्ड्स थोड्याच काढल्यात? त्या माझ्या डोक्यात आहेत. मी सगळी नक्षी टाकून दिली आणि नुसते पोटातले स्वर वाजवू लागले. कॉर्ड बदलली की तिसरा, मग सातवा, पुढच्या कॉर्डचा तिसरा. एकेक स्वर, पण असा जागेवर की न वाजणारी कॉर्ड ऐकू यावी. स्थायीच्या शेवटी मी त्यांचीच लांबची बहीण वाजवली. त्यांच्या समोर, त्यांच्या रिकाम्या हातांसमोर. मागच्या टेबलावर कुणीतरी "वा!" म्हणालं.

ही पहिली स्थायी. मग दुसरी फेरी सुरू, दुसरी स्थायी. पप्पांचा चेहरा आता बघवत नव्हता. मी पडत नव्हते, आणि हात मांडीवर ठेवून बसलेला पियानिस्ट चार लोकांत मूर्ख दिसायला लागतो. ते पुढं सरकले, हात उचलले, आणि दुसरी संपताक्षणी दाणकन आत आले. अंतऱ्यात!

अजून एक स्थायी बाकी होती. तिसरी. माझी पडझड बघण्याच्या नादात ते मोजायचेच विसरले होते. स्वतःच्या बांधलेल्या चालीत! माझा एफ आणि त्यांचा एफ शार्प, अर्ध्या पायरीचे शेजारी, एकमेकांवर असे आदळले की पुढच्या टेबलावरच्या बाईनं मान वर केली.

मी अमोसकडे पाहिलं. अमोस मोजत असतो, नेहमी, ओठ हलवत. त्याला ठाऊक होतं. मला दिसलं की त्याला ठाऊक आहे. त्यानं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बापाच्या मागं गेला.

आता ते दोघं अंतऱ्यात आणि मी एकटी स्थायीत. बरोबर मी होते. पण ऐकणाऱ्याला काय कळतं? एकटा असतो तोच चुकलेला. 'एक खड्ड्यात तर सगळे खड्ड्यात.' त्यांचंच वाक्य. मी डी स्वरावर उतरले आणि तो धरून ठेवला. तो माझ्या कॉर्डच्या पोटातला होता आणि त्यांच्या कॉर्डचा पायाच होता. तेवढ्या एका स्वरावरून मी त्यांच्याकडे गेले. होमी हसत हसत मागून आला. पुढं अंतरा, स्थायी, मूळ चाल, सगळं नीट झालं आणि टाळ्या पडल्या.

सरदेसाई आले. "मजा आली, चक्री! बाई छान वाजवतात. फक्त मधे जरा काहीतरी खटकलं. कुणी चुकलं का?"

पप्पांनी रुमालानं मान पुसली. "यांनाच विचारा ना. ए मिरजवाली, कोण चुकलं?"

"तुम्ही," मी म्हणाले. "एक स्थायी खाल्लीत."

डॅनी खो खो हसला. होमी ड्रमचा स्क्रू पिळत बसला. सरदेसायांना मालक-नोकर, सासरा-सून, कशाकशात पडावं कळेना. पप्पांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग मागं न वळता म्हणाले, "अमोस, तू मोजत होतास. कोण चुकलं?"

अमोस बेसला खोळ घालत होता. खोळीच्या गुंड्यांशी बराच वेळ झटला.

"सालोमी चुकली," तो म्हणाला. "आपण सांभाळून घेतलं."

सरदेसाई हसले. "होतं हो नव्या माणसाचं. मग डॅनीचं पण ऐकू या का एकदा?"

"कळवतो," पप्पा म्हणाले आणि टोपी घालून एकटेच बाहेर पडले.

घरी येताना मी अमोसकडे पाठ फिरवून बसले. बेस आत घेताना बूड मात्र धरलं, सवयीनं. अमोस बोलत होता, "अगं, समजून घे ना. चार लोकांत त्यांचा अपमान... आणि तू पण काय, तोंडावर 'तुम्ही' म्हणायचं? जरा गोडीनं..." मी सॅक्सोफोन पुसला, पेटीत ठेवला, पेटी बंद केली. आता वाजायचा नव्हता तो त्या घरात. मटण सकाळीच शिजवून गेले होते, ते गरम केलं. ताटं वाढली. पप्पा आले नाहीत. रस्सा निवला, वर चरबीचा थर धरला, तरी आले नाहीत.

आले ते टोपी न काढताच बसले.

"कोपऱ्यावरच्या इराण्याकडं गेलो होतो. सरदेसायांना फोन केला. म्हटलं, मी चुकलो. एक स्थायी खाल्ली. खुर्ची हिला."

अमोस एव्हाना जेवायला बसला होता, त्याचा घास हातातच राहिला. मी वाढायला उभी होते, माझ्या हातातली पळीही.

"गैरसमज नको," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "तुला पाडायलाच थांबलो होतो मी. जागा द्यायला नाही. पडली असतीस तर भोंगा आजच बाहेर होता, आणि मी पोटभर जेवलो असतो."

आज लोक मला म्हणतात, म्हाताऱ्यानं मुद्दाम तुला एकटं सोडलं, हिरा पारखला, वगैरे. मी त्यांना हे वाक्य ऐकवते. म्हाताऱ्यावर उगाच आळ नको.

"पप्पा, मी तुमच्यासाठीच..." अमोस म्हणाला.

"वाजताना माझ्यामागं आलास, ठीक. ही पण आली. तोच धर्म आहे. पण खाली उतरल्यावर? मी तुला सरळ विचारलं."

"तुम्हाला कमीपणा आला असता."

"आला असता! माझा होता तो. तू कोण मधे हात घालणार? आणि उचलून ठेवलास कुणाच्या डोक्यावर, तर हिच्या?" त्यांनी ताट पुढं ओढलं, रश्श्यात बोट बुडवलं आणि तोंड वाकडं केलं. "तू राहा इथं, जेव, झोप. घर तुझंच आहे. पण तो बेस बाहेर ने. माझ्या घरात तो आता वाजणार नाही. डॅनीला सांगितलंय, उद्यापासून बेस शिक म्हणून. बोटं जाड आहेत त्याची, चालतील."

अमोस माझ्याकडे वळला. "सालू, तू तरी सांग ना त्यांना."

"काय सांगू?" मी म्हणाले. "हॉटेलात सांगितलं होतं. तू तिथंच होतास."

तो उठला. हात न धुताच. पुढच्या खोलीत त्यानं बेस उचलल्याचा आवाज आला, मग दाराच्या चौकटीला लाकूड घासल्याचा. पुन्हा घासल्याचा.

"हिला मी काही आवडून घेतलेलं नाही," पप्पा कुणालाच न बघता म्हणाले. मग, पहिल्यांदाच: "सालोमी. उद्या दहाला तालीम. उशीर झाला तर दार लावून घेईन."

"उशीर तुम्हालाच होतो," मी म्हणाले.

"सालू!" बाहेरून अमोसनं हाक मारली. "जरा धर ना. एकट्याला निघत नाहीये."

पप्पांनी चपाती मोडली. मी रस्सा वाढून घेतला आणि जेवायला बसले.